उखळी तोफांचा वायदा

पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज आणि कोळसा घेऊन येणाऱ्या बार्जा धरमतरच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर वर सरकताना खारबंदिस्तीच्या बांधावरून पाहिल्या, म्हणजे लोखंडाचा हा प्रवास आज किती सुकर झाला आहे याचे नवल वाटते. कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी याच मुलखाचे धनी मुंबईकर इंग्रजांकडे जे ओतीव लोखंड मागत होते, ते मात्र कोणत्याही भरतीबरोबर आत आले नाही. ते लोखंड म्हणजे उखळी तोफा, आणि त्यांबरोबर हवे होते ते दारूने भरलेले, फुटणारे गोळे. त्या मागणीची हकीकत सुरत व मुंबईच्या वखारींच्या पत्रव्यवहारात विखुरलेली असून, ती सलग वाचताना वाटाघाट नावाचे काम प्रत्यक्षात कसे चालते याचे असे बारीक दर्शन घडते, की तसे ते आमच्या बखरींतून सहसा घडत नाही.

या गोळ्यांचा पहिला परिचय शिवाजी महाराजांना झाला तो शत्रूच्या बाजूने. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन काही सहकाऱ्यांसह छावणीत गेला आणि इंग्रजी निशाण उभारून त्याने गडावर गोळे टाकले. व्यापाऱ्याने निशाण लावून लढावे हा अविचारच होता. पुढल्या वर्षी राजापूरची वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैदेत पडले, आणि १६६३ पर्यंत त्यांची सुटका झाली नाही. त्या कैदेतही जंजिऱ्याच्या सिद्द्यांची दंडाराजपुरी घेण्यास समुद्रातून मदत करावी, म्हणजे सुटका होईल, असे बोलणे लावण्यात आले होते. त्यापूर्वी, १६५९ च्या सुमारास, कल्याण-भिवंडीकडे आरमार बांधण्यास ठेवलेला पोर्तुगीज रुय लैताव व्हियेगस आपल्या माणसांनिशी गुपचूप निघून गेला होता. परक्याची विद्या पगारावर टिकत नाही, कैदेच्या धाकानेही वळत नाही, हे ध्यानात आल्यावर उरला तो तहाचा मार्ग.

१६७१ च्या फेब्रुवारीत सिद्द्यांनी दंडाराजपुरीचा किल्ला परत घेतला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात महाराजांचा वकील मुंबईस उतरला. मागणी स्पष्ट होती : हातगोळे, उखळी तोफा, दारूगोळा. यावर जेराल्ड आँजियरच्या अध्यक्षतेखालील सुरतेच्या मंडळाने मुंबईकरांना जी सूचना धाडली ती मुत्सद्देगिरीच्या कोणत्याही पाठशाळेत शिकवावी अशी आहे. राजापूरची नुकसानभरपाई मिळाली आणि मुलखात निर्वेध व्यापाराची हमी मिळाली तर हव्या त्या वस्तू पुरवू, असे वकिलास सांगावे. परंतु तोफा देऊ असे निश्चित वचनही देऊ नये आणि साफ नकारही देऊ नये. दंडाराजपुरी मराठ्यांच्या हाती गेली तर मुंबई बंदरास कायमचा उपद्रव होईल, म्हणून तोफा द्यायच्या नाहीत. पण तोफा मिळतील या आशेनेच राजे तहास प्रवृत्त झाले आहेत, म्हणून ती आशा मोडायचीही नाही. मला या पत्रात लबाडीपेक्षा भय अधिक दिसते. मूठभर गोऱ्यांच्या पहाऱ्यावर उभी असलेली मुंबई ही त्या वेळी दोन दर्यावर्दी शत्रूंच्या मधले एक बेट होती, आणि दोघांपैकी कोणीही संपूर्ण जिंकावे हे तिला परवडणारे नव्हते.

मात्र इंग्रजांनी मराठ्यांना झुलविले एवढेच म्हणून थांबणे अर्धसत्य ठरेल. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा करणारे दोघे जसे एकमेकांचे चेहरे न्याहाळतात, तसा प्रकार येथेही होता. रायगडच्या बाजूसही राजापूरच्या भरपाईचा तसाच वायदा होता, आणि तोही वर्षानुवर्षे लांबणीवर पडत होता. १६७२ साली इंग्रजांचा वकील स्टीफन उस्टिक आला व रित्या हातांनी परतला. पुढल्या वर्षी टॉमस निकल्स आला, त्याचे आदरातिथ्य झाले, पण पैसा हाती पडला नाही.

अखेर १६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडन निघाला. चौल, अष्टमी, निजामपूर, गांगवली, पाचाड अशी त्याची वाट. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे व दुसऱ्या तीरावर अष्टमी. मधल्या पुलावर उभे राहून खाली पाहिले तर भर वैशाखातही पात्रात पाणी हलताना दिसते, कारण मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून या नदीत उतरते. ऑक्झिंडनच्या काळी हा आधार नव्हता. चौलच्या खाडीतून वर येणाऱ्या पडावांना वैशाखात भरतीचाच काय तो भरवसा. पाचाडास पोहोचल्यावर कळले की महाराज भवानीच्या दर्शनास प्रतापगडी गेले आहेत. मग मुक्काम, नजराण्यांची जुळवाजुळव, कोणास काय द्यावे याबद्दल दुभाष्या नारायण शेणव्याची मसलत, आणि महाराजांच्या बाजूने बोलणाऱ्या निराजीपंतांशी पहिली बोलणी. सिद्दीशी सलोखा करावा हा ऑक्झिंडनचा सल्ला निराजीपंतांनी मानला नाही.

वीस कलमांच्या मसुद्यातील बहुतेक मंजूर झाली. राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारी, जकात शेकडा अडीच. इंग्रजी नाणे राज्यात चालावे हे कलम मात्र काढून टाकण्यात आले. किनाऱ्यास लागलेली फुटकी गलबते परत देण्याचे कलम प्रथम अडले, कारण ते कोकणच्या रिवाजाविरुद्ध होते. भरपाई दहा हजार होन ठरली, पण ती ज्या रीतीने ठरली त्यात निराजीपंतांचा हिशेबी हात दिसतो : तीन वर्षे दरसाल पाच हजार होनांचा माल इंग्रजांनी सरकारातून घ्यावा व किंमत निम्मी द्यावी, म्हणजे साडेसात हजार फिटले, उरलेले अडीच हजार राजापूरच्या जकातीतून सोडावे. रोख एक होनही खजिन्यातून बाहेर पडायचा नव्हता, उलट माल खपायचा होता. राज्याभिषेकानंतर काही दिवसांतच तह मुक्रर झाला. तोफांचे नाव त्यात नव्हते.

दंडाराजपुरीचा नाद सोडून १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांनी थळसमोरच्या खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही त्याविरुद्ध समुद्रात उतरले. ऑक्टोबरातील झुंजीत मराठी आरमाराच्या दौलतखानाच्या गलबतांनी कंपनीची 'डव्ह' ही गुराब वेढून तीवरील शिपाई व सरंजामासह धरली, आणि आठ वर्षांच्या मागणीने जे पदरात पडले नव्हते, त्यातले थोडेसे या एका सकाळी पडले.