जिभेला न कळणारे पाणी

पूर्णेकाठच्या माणसाला पाण्याची पारख शिकवावी लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांचा बराचसा भाग खारपाणपट्ट्यात येतो. हापशाचे पाणी घोटभर तोंडात घेतले की घरातली म्हातारी लगेच सांगते, हे खारे आणि ते गोडे. गोडे पाणी हाती लागले की रांजण, ड्रम, टाक्या, जे सापडेल ते भरून ठेवायचे!

पण ही तयार जीभ पटकीपुढे हरते. कॉलऱ्याच्या जंतूला चव नाही, वासही नाही. मुळात तो खाडीच्या मचूळ पाण्यात सुखाने राहणारा, तेव्हा खारेपणाने तो मरेल ही आशा नको. उलट, ज्या गोड्या विहिरीवर सारे गाव तुटून पडते, तिच्यातच पहिल्या पावसाचा लोंढा उकिरड्यावरची आणि गोदरीची घाण घेऊन उतरला, तर घात त्या गोड्या पाण्यानेच होतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी या रोगाला पटकी म्हटले, महामारी म्हटले. वेशीवर मरीआई बसवली. त्याला हसण्याचे कारण नाही. हा रोग पाण्यातून पसरतो हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत दाखवून दिले, तरी ते पटायला जगाला कितीतरी वर्षे लागली. आज दर पावसाळ्यात आपण 'गॅस्ट्रोची लागण' अशी बातमी वाचतो. गॅस्ट्रो हे ढोबळ नाव. त्यात कॉलरा आहे की नाही, हे रुग्णाच्या शौचाचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ठरत नाही, आणि तो नमुना प्रतिजैविक देण्याआधी घेतलेला बरा. घरच्यांनी मात्र अहवालाची वाट पाहत बसू नये. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी वारंवार पडते, उलट्या होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळे खोल जातात, लघवी थांबते. पोटात फारसे दुखत नाही, ताप बहुधा नसतो, म्हणून घरचे गाफील राहतात. जोराच्या लागणीत तासाला लिटरभर पाणीही अंगातून जाऊ शकते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत हातचा जातो तो यामुळे.

अशा वेळी 'पाणी देऊ नका, आणखी जुलाब होतील' असे सांगणारा शेजारी हमखास भेटतो. त्याचे अजिबात ऐकू नये. जंतूचे विष आतड्यातून पाणी बाहेर ओढते हे खरे, पण साखरेबरोबर मीठ आणि पाणी आत घेण्याची आतड्याची वाट तेव्हाही उघडी असते. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचे सलाईन संपत आले. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण चारांच्या आत आले! २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

ओआरएसची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण मिसळावी. नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा घालावे. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरच्या बाळाचे दूध तोडू नये. रुग्ण गळून गेला, पिईनासा झाला तर सलाईनखेरीज गती नाही, म्हणून दवाखान्याची वाट धरावी आणि वाटेतही पाजत राहावे. प्रतिजैविक द्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आता विहिरीकडे वळू. बुलढाण्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे जुलै २०२२ मध्ये उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली, माणसे दगावली. वीजबिल थकल्यामुळे नळयोजनेचा पुरवठा तोडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. नळ बंद पडला की माणूस विहिरीकडे वळणारच, त्यात त्याचा काय दोष?

हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर, म्हणजे आपली टी.सी.एल., पुरते. पाणी अर्धा-एक तास तसेच ठेवायचे. मात्र पोत्याचे तोंड उघडे राहून ओल लागली की पावडरीतला क्लोरिन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. पावडर टाकल्याची नोंद वहीत पक्की, पाण्यात मात्र औषध नाही, असे त्यामुळेच घडते. खरे-खोटे करणारी ओ.टी. चाचणी साधी आहे. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळे झाले तर क्लोरिन आहे. जलसुरक्षकाने ती टाकीशेजारच्या नळावर उरकली असेल, तर गावाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरी त्याला घेऊन जावे आणि तिथल्या नळाचे पाणी आपल्यासमोर तपासायला लावावे.