उड्डाणशाळांना गुण कोणी द्यावेत?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने विमानविद्येवर लेख द्यावा याचे आमच्या मराठी विभागाच्या संपादकांनाही नवल वाटले. त्यांचेही बरोबरच आहे. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा असेल तर बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय लागतात, म्हणजे आमच्या शाखेला तो दरवाजा बंद. (ही अट काढून टाकण्याचा विचार सुरू झाल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या, तेव्हा आमच्या वर्गात दोन दिवस भलताच उत्साह होता.) पण विमान कसे उडते हे मी सांगणार नाही, ते मला ठाऊकही नाही. विमान शिकवणारी संस्था चांगली की वाईट हे पैसे भरण्यापूर्वी गिऱ्हाइकाला कसे कळावे, एवढाच माझा प्रश्न आहे. हा प्रश्न बाजारपेठेचा आहे, म्हणून आमच्याच शाखेचा आहे.

माझ्यापुरती या प्रश्नाची सुरुवात घरातूनच झाली. माझा मावसभाऊ उदगीरचा. वैमानिकच व्हायचे असा हट्ट धरून बसला. काकांनी रानाचा एक तुकडा विकला, उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढले. कोणत्या संस्थेत जावे हे शोधून काढण्याचे काम हैदराबादेत राहणारी, इंटरनेटची सवय असलेली म्हणून माझ्यावर आले. मी तेव्हा अकरावीत होते. तीन संध्याकाळ बसून मी लोकांचे अभिप्राय वाचले, तारे मोजले आणि पाचपैकी ४.६ अशी सरासरी असलेली एक संस्था सुचविली. माहितीपत्रकात पंधरा महिने लिहिले होते. त्याला अडीच वर्षे लागली.

ही अडीच वर्षे कशात गेली हे समजण्यासाठी या शिक्षणात नेमके काय विकत घेतले जाते ते पाहावे लागेल. महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, लेखी परीक्षा असतात. वैद्यकीय तपासणी असते. पण मुख्य भाग २०० तासांच्या उड्डाणाचा. त्यांपैकी १०० तास तरी विमानाची जबाबदारी विद्यार्थ्याने स्वतःच्या शिरावर घेऊन उडावे लागते. किमान ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास करावा लागतो, काही तास रात्री उडावे लागते. प्रत्येक उड्डाणाची नोंद लॉगबुकात होते आणि त्या नोंदींवर संस्थेच्या मुख्य प्रशिक्षकाची सही लागते. खर्च आज पन्नास लाखांच्या घरात, पुष्कळदा त्याहून वर. म्हणजे विद्यार्थी खऱ्या अर्थाने विकत घेतो ते तास. आणि तास मिळण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी हजर लागतात : उडण्याजोगे विमान, मोकळा प्रशिक्षक आणि स्वच्छ हवामान. पावसाळा कोणाच्या हाती नाही. पण विमान सुट्या भागाअभावी महिनाभर हँगरमध्ये पडून असेल, किंवा एका प्रशिक्षकामागे मुलांची रांग लागली असेल, तर ते माहितीपत्रकात छापलेले नसते. तेथे रंगीत चित्रात सहा विमाने ओळीने उभी असतात. भावाच्या संस्थेतही होती. त्यांपैकी उडणारी बहुधा दोन.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण जॉर्ज ॲकरलॉफ यांचे नाव ऐकले असेल. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोटारीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. मग घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो, चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून निघून जातात आणि भंगार उरते. उड्डाणशाळेची गोष्ट याहूनही अवघड आहे. मोटार घेणारा निदान दुसऱ्यांदा शहाणा होतो. परवाना माणूस आयुष्यात एकदाच काढतो, त्यामुळे आलेला अनुभव स्वतःच्या काही उपयोगाचा नाही. तो दुसऱ्याला सांगितला तरच त्याला किंमत.

एके काळी हे सांगणे सोपे होते. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली निघाला आणि तेथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातील पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. शिकणारे मोजके, शिकवणारे त्याहून मोजके, सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. निजामाच्या अमदानीत बेगमपेठला हैदराबादचा एअरो क्लब होता, तेथेही असेच असणार. आज उदगीरचा मुलगा ज्या गावी शिकायला जातो, तेथे त्याच्या घरच्यांना ओळखणारे कुत्रेही नसते. म्हणून मग तारे मोजायचे.

ताऱ्यांचे दोष आता मला पाठ झाले आहेत. पहिला म्हणजे ते देतो कोण हे कळत नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ च्या नोव्हेंबरात आयएस १९००० नावाचे मानक काढले : अभिप्राय देणारा खरा गिऱ्हाईक आहे की नाही हे पडताळावे, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, वगैरे. मानक चांगले आहे, पण ते आणले तेव्हा ऐच्छिकच ठेवले. दुसरा दोष, फार खूश आणि फार संतापलेले तेवढेच लिहितात. मधले गप्प असतात. तिसरा दोष या धंद्यापुरता आहे आणि तो मला फार उशिरा कळला. जो शिकून बाहेर पडला, त्याच्या परवान्यामागे त्या संस्थेचे नाव कायमचे लागलेले असते. नोकरी शोधताना आपल्याच शाळेची नालस्ती कोण करील?

आणि जो अजून आत आहे त्याचे काय? एकोणिसावा महिना लागला तेव्हा भावाने वैतागून एक तारा दिला होता. खाली दोन ओळी लिहिल्या, त्याही सभ्य. नाव टाकले नव्हते. पण एवढी रखडलेली मुले होतीच किती? तिसऱ्या दिवशी त्याला बोलावणे आले. कोणी रागावले नाही, धमकावले नाही. फक्त विचारले, "तुझे अजून किती तास राहिले?" त्याच रात्री त्याने तो अभिप्राय काढला आणि नवा लिहिला. पाच तारे. हे त्याने मला परवाना हातात पडल्यावर सांगितले. ४.६ ची सरासरी कशी होते याचा तोपर्यंत मी कधी विचारच केला नव्हता.

योगायोग असा की ॲकरलॉफचा निबंध ज्या १९७० साली आला, त्याच साली आल्बर्ट हर्शमन यांचे एक छोटे पुस्तक निघाले. माल बिघडला तर गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात, असे ते म्हणतात : दुकान सोडणे, किंवा तक्रार करणे. नायजेरियातील रेल्वे पाहून त्यांना हे सुचले. मालमोटारींची स्पर्धा असूनही तेथील रेल्वे सुधारत नव्हती, कारण ओरडणारे गिऱ्हाईक ओरडण्याऐवजी सरळ मालमोटारीकडे जात. उड्डाणशाळेत या दोन्ही वाटा अडलेल्या असतात. पैसा बहुधा आगाऊ भरलेला, म्हणून सोडता येत नाही. सही मुख्य प्रशिक्षकाची, म्हणून बोलता येत नाही. आपल्याकडच्या अंतर्गत गुणांचा अनुभव असलेल्यांना हे फोडून सांगायला नको.

सरकारने यात अलीकडे हात घातला आहे. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाणशाळांची श्रेणी ठरविण्यास सुरुवात केली, दर सहा महिन्यांनी ती नव्याने ठरावी अशी योजना आहे. आपल्या महाविद्यालयांना नॅक देते तशीच अक्षरे : ए प्लस प्लस, ए प्लस, ए, बी. शंभरापैकी ४० गुण संस्थेच्या कामकाजाला, त्यात विमाने किती, विमानामागे विद्यार्थी किती, प्रशिक्षकामागे किती हे येते. २० सुरक्षिततेला, २० निष्पत्तीला, १० नियमपालनाला आणि १० विद्यार्थ्यांच्या सोयीला. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. वरच्या दोन श्रेणींत एकही बसली नाही. १३ संस्थांना ए मिळाला, २२ संस्थांना बी, म्हणजे पन्नासाहून कमी गुण. बी वाल्यांना आत्मपरीक्षण करण्याची सूचना देण्यात येते.

मला ही यादी वाचून बरे वाटले. सरकारी कागदाने सगळ्यांनाच डोक्यावर घेतले असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. विमाने मोजण्याचे काम तपासनीस आमच्यापेक्षा चांगले करू शकतो, त्याला हँगरचे दार उघडून दाखवावे लागते. तरीही श्रेणी मिळते ती संस्थेला. मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रशिक्षकाला नाही. तोच तर खरे शिकवतो, आणि तोच सगळ्यांत लवकर निघून जातो : पुष्कळ तरुण प्रशिक्षक स्वतःचे तास वाढवून विमान कंपनीत जाण्याच्या वाटेवर असतात. ज्याची स्तुती वाचून प्रवेश घ्यावा, तो आपण पोहोचेपर्यंत तेथे असेलच असे नाही.

बरे, विद्यार्थ्याला तरी चांगला प्रशिक्षक ओळखता येतो काय? अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत याची एक अनपेक्षित परीक्षा झाली. तेथे कोणता विद्यार्थी कोणत्या अध्यापकाकडे जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. कॅरेल आणि वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील गणिताच्या वर्गांचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या अध्यापकांना विद्यार्थ्यांनी भरघोस गुण दिले, त्यांचे विद्यार्थी त्या परीक्षेत चमकले, पण पुढच्या वर्षांच्या गणितात मागे पडले. कडक अध्यापकांचे उलटे झाले. (आमच्या अकौंटन्सीच्या सरांनी हा परिच्छेद वाचून मान हलविली, ती कोणत्या अर्थाने ते मी विचारले नाही.) गणितात मागे पडणे परवडते. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी नागार्जुनसागरजवळून निघालेले एक शिकाऊ विमान नलगोंडा जिल्ह्यात शेतात कोसळले आणि एकटीने उडणारी विद्यार्थिनी दगावली. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली आणि डीजीसीएने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबविले. उतरताना दहा वेळा चुका काढणारा, चिडका प्रशिक्षक एक तारा मिळवील आणि मुलाचा जीव वाचवील, हे शक्य आहे. नुसताच चिडका असणेही शक्य आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

तेव्हा आज मला कोणी विचारले तर मी तारे मोजणार नाही. श्रेणी पाहीन, पण तीत गेल्या तुकडीला २०० तास पुरे करायला किती महिने लागले हे सापडते का तेवढे आधी बघेन. विमान अपघात तपास मंडळाचे अहवाल सर्वांना वाचायला खुले असतात. ते इंग्रजीत आणि रुक्ष आहेत, पण त्यांत प्रशिक्षकाने काय पाहायला हवे होते आणि पाहिले नाही हे स्पष्ट लिहिलेले असते. पैसे हप्त्याने, उडालेल्या तासांप्रमाणे घेता का, असे विचारीन. या एका प्रश्नावर समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो म्हणतात. आणि सकाळी सहाला धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहून किती विमाने खरोखर वर जातात ते मोजीन. आमच्या काकांना हे सहज जमले असते. बाजारात बैल घेताना ते अर्धा दिवस नुसते बघत उभे असतात.

गेल्या दिवाळीत उदगीरच्याच एका गृहस्थांनी मुलासाठी तीच संस्था पक्की केली. "तुमच्या पोराने पाच तारे दिलेत, वाचले मी," असे ते काकांना म्हणाले. भावाला मी ते फोनवर कळविले. तो अजून नोकरीच्या शोधात आहे, तेव्हा लेखी काही द्यायला तयार नव्हता. पण शनिवारी रात्रीच्या बसने तो उदगीरला गेला आणि रविवारी त्यांच्या ओसरीवर बसून, लॉगबुक उघडे ठेवून, कोणत्या महिन्यात किती तास मिळाले ते त्याने त्यांना एकेक पान उलटून दाखविले.