नदीकांठच्या थरांचें वाचन

जालना जिल्ह्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें भोकरदन तालुक्यांतील गांव. तालुक्याचें ठिकाण भोकरदन हें केळणा नदीच्या कांठीं असून, सांची व भारहूत येथील दानलेखांत येणारें भोगवर्धन तें हेंच, असें विद्वान् मानितात. तेथें १९७३ सालीं उत्खननहि झालें. अशा नदीकांठीं फिरतांना संग्राहकास नाणें, मणि किंवा खापर सांपडतें. परंतु ज्या मातींत तें सांपडलें ती मातीहि एक साधनच आहे. तिचा अर्थ लावणारें शास्त्र म्हणजे भूरूपशास्त्र होय.

या शास्त्राची पद्धति अशी. नदीनें कापलेल्या दरडीचा उभा छेद साफ करून त्यांतील थर खालून वर क्रमानें मोजितात. मोठे गोटे व जाड वाळू वेगवान् प्रवाहाची साक्ष देतात; बारीक गाळ संथ पाण्यांतून बसतो. गाळांत चुनखडीचे खडे बनलेले दिसले, तर ती भूमि नवा गाळ न पडतां बराच काळ उघडी होती, असें अनुमान निघतें. हत्याराच्या धारा झिजलेल्या असल्यास तें वाहत आलें; तीक्ष्ण असल्यास तें फारसें हललेलें नाहीं.

कालनिर्णय मात्र कठीण. जुन्नर तालुक्यांतील बोरी येथें कुकडीच्या कांठीं गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. रासायनिक घटकांवरून ही राख सुमात्रांतील तोबा ज्वालामुखीच्या सुमारें ७५,००० वर्षांपूर्वींच्या स्फोटाची, असें एक मत. पोटॅशियम-आर्गन पद्धतीनें मात्र प्रथम सुमारें १४ लक्ष वर्षें निघालीं, व तिच्याच सुधारलेल्या प्रकारानें पुढें सुमारें ६ लक्ष ७० हजार. जुन्या खडकाचे कण राखेंत मिसळले असल्यास वय वाजवीपेक्षां अधिक येतें. याच थराच्या निकट अश्मयुगीन हत्यारें सांपडलीं असल्यानें, महाराष्ट्रांत मनुष्यवस्ती किती प्राचीन, हा प्रश्न या निर्णयाशीं निगडित आहे.

शेवटचें पान फाटलेल्या पोथीचा लेखनकाळ ठरविणें जसें अवघड, तशीच थरावांचून उचललेल्या वस्तूची गत होते. वाळूच्या उपशानें व दरडी कोसळल्यानें थर नष्ट होतात, ते पुन्हा मिळत नाहींत. यास्तव वस्तु उचलण्यापूर्वीं तिचें स्थान, दरडीच्या माथ्यापासूनची खोली, थराचा रंग व त्यांतील गोट्यांचा आकार टिपून ठेवावा. एवढी टीप असली, तर ती वस्तु इतिहासाच्या उपयोगीं पडेल.