मिरचीच्या माळा आणि आईचं नाव

हंगेरी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बहुतेकींना काहीच नाही! युरोपच्या मधोमध वसलेला, समुद्रकिनारा नसलेला, आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान असा हा देश. लोकसंख्या एक कोटीच्या आत. पण तिथल्या स्वयंपाकघरात डोकावलं ना, की आपली ओळख लगेच पटते. कारण डब्यात असतं लाल तिखट!

मिरची मूळची ना त्यांची, ना आपली. ती आली अमेरिका खंडातून. आपल्याकडे पोर्तुगीजांनी गोव्यात आणली, तिकडे ती तुर्कांच्या राजवटीत पोहोचली. आपण तिला तिखट केलं, हंगेरीच्या लोकांनी तिला सौम्य केलं, एवढाच काय तो फरक. तिला ते म्हणतात पाप्रिका. सेगेड आणि कलोचा ही दोन गावं तिच्यासाठी प्रसिद्ध. शरद ऋतूत मिरची तोडायची, दोऱ्यात ओवायची आणि घराच्या भिंतीवर माळा सोडायच्या. लालभडक माळांनी मढलेली ती घरं बघितली की आपल्याकडच्या वाळवणाची आठवण येते.

१८५९ मध्ये सेगेडच्या पाल्फी बंधूंनी मिरचीतल्या बिया आणि शिरा काढून मग ती दळायची पद्धत आणली. त्यामुळे तिखटपणा गेला, रंग आणि गोडसर चव राहिली. नाव पाल्फींचं झालं. पण एकेक मिरची चिरून आतल्या शिरा काढायच्या कोणी? बायका आणि मुली एकत्र बसून हे काम करायच्या. हाताची किती आग होत असेल, ते मिरच्यांची देठं खुडणाऱ्या आपल्या बचत गटातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

याच सेगेडची आणखी एक गोष्ट. तिथल्या विद्यापीठात सेंट-ग्योर्गी आल्बर्ट नावाचे शास्त्रज्ञ 'क' जीवनसत्त्वावर काम करत होते. (हंगेरीत आडनाव आधी लिहितात बरं का!) हे द्रव्य पुरेसं मिळेल अशी वनस्पती काही सापडेना. एका रात्री बायकोने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. त्यांना ती खायची नव्हती, म्हणून ते ती उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं, की पाप्रिका तर 'क' जीवनसत्त्वाची खाणच आहे! १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे. गोष्टीतली 'बायको' म्हणजे कोर्नेलिया. पण तिचं नाव फारसं कोणी घेत नाही.

आता थोडं खाण्याबद्दल. हंगेरीचा गुयाश जगभर 'गुलाश' म्हणून माहीत आहे. गुयाश म्हणजे गुराखी. गवताळ माळरानावर गुरं राखणारे पुरुष उघड्यावर कढईत मांस, कांदा शिजवायचे, त्याचं हे सूप. त्यात पाप्रिका घालताना एक युक्ती असते. कांदा परतला की भांडं आचेवरून खाली घ्यायचं, मग पाप्रिका घालायची आणि लगेच पाणी. नाहीतर ती करपून कडू होते. आपणही फोडणीत तिखट घालताना गॅस बारीक करतोच की!

शाकाहारी मैत्रिणींसाठी आहे 'लेचो'. दोन कांदे उभे चिरून तेलात गुलाबी परता. गॅस बंद करून चमचाभर काश्मिरी तिखट घाला, लगेच चार टोमॅटो चिरून घाला. पुन्हा गॅस लावून अर्धा किलो ढोबळी मिरचीच्या फोडी आणि मीठ घाला. झाकण ठेवून मऊ शिजवा. अंडं चालत असेल तर शेवटी फोडून घाला. ब्रेडबरोबर छान लागतं, पोळीबरोबर त्याहून छान!

तिथे लांगोश नावाचा तळलेला मोठा पुरीसारखा प्रकार मिळतो, वर लसूण, आंबट साय आणि चीज. उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंडगार सूप करतात. एल्डरच्या फुलांचं सरबत घरोघरी असतं. टोकायची गोड वाइन तर राजेरजवाड्यांची. तिच्यासाठी वेलीवरच सुरकुतलेले द्राक्षांचे मणी एकेक करून हाताने वेचतात. केकमध्ये मान दोबोश टॉर्टचा. दोबोश योझेफ यांनी १८८५ च्या बुडापेस्टच्या प्रदर्शनात तो मांडला आणि त्यांचंच नाव त्याला कायमचं चिकटलं.

बायकांचं नाव कुठेच नाही का? आहे ना! मेझोकोवेश्द या गावचं मात्यो भरतकाम २०१२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. कापडावर नक्षी काढून देणाऱ्या बायकांना तिकडे 'लिहिणाऱ्या बायका' म्हणतात. त्यांच्यातली सर्वांत नावाजलेली किश यान्को बोरी (१८७६–१९५४). तिची 'शंभर गुलाबांची' नक्षी आजही काढली जाते. लग्नानंतर कागदावर ती होती गाश्पार मार्तोनने, म्हणजे 'गाश्पार मार्तोनची बायको'. तिकडे जुन्या रीतीत नवऱ्याच्या पूर्ण नावाला 'ने' जोडला की झालं बायकोचं नाव! तिचं स्वतःचं नाव पार पुसून जायचं. आपल्याकडे निदान पहिलं नाव तरी राहायचं, तेही कधी कधी सासरी बदलायचं. पण बोरीला तिच्या सुईदोऱ्याने वाचवलं. लोकांच्या तोंडी राहिलं ते बोरी हेच नाव. आता कायदा बदललाय. लग्नानंतर बाई स्वतःचं नाव ठेवू शकते, नवराही बायकोचं आडनाव घेऊ शकतो.

याच देशात दुसरी एक गोष्ट मात्र फार चांगली आहे. प्रत्येकाच्या ओळखपत्रावर आईचं नाव असतं, तेही तिचं माहेरचं. सरकारी कागद कुठलाही असो, माणूस ओळखायचा तो आईच्या नावाने. आपल्याकडे २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला, की १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं लिहायचं. तुमच्या घरातल्या लहानग्यांच्या कागदांवर ते लिहिलं गेलंय का, एकदा बघाच.

कधी तिकडे जाण्याचा योग आला, तर शेंगेन व्हिसा लागतो आणि पैसे असतात फोरिंट. बुडापेस्टमध्ये १८९७ पासूनचा भव्य मंडईवाडा आहे, पाप्रिका तिथेच घ्या. १९१३ मध्ये सुरू झालेल्या सेचेन्यी स्नानगृहात गरम झऱ्यांच्या पाण्यात आजीबाई निवांत बसलेल्या दिसतील. चित्रकार अमृता शेरगिलचा जन्म याच शहरातला, आई हंगेरियन. बालाटोन तळ्याकाठी बालाटोनफ्यूरेदला रवींद्रनाथ टागोर १९२६ मध्ये हृदयाच्या उपचारासाठी राहिले होते, तिथला रस्ता त्यांच्या नावाचा आहे. शाकाहारी असाल तर भाजीत डुकराची चरबी नाही ना, हे आधी विचारून घ्या.

आणि जाणं नाही झालं तरी काय बिघडलं? लेचो तर उद्याच करता येईल. तो आवडला तर वहीत लिहून ठेवा. त्याच वहीत आजेसासूबाईंची आमटी, आईचं मेतकूट, शेजारच्या काकूंचे सांडगेही असतील. कृती लिहिताना वर त्या त्या बाईचं नाव लिहायला विसरू नका. नुसतं 'काकूंचे' नको हं, काकूंचं नावसुद्धा!