एका दिवसात गाविलगड

अचलपूर, अंजनगाव, अकोट या बाजूला वावरात उभं राहून उत्तरेकडं पाहिलं, की आकाशाच्या कडेला एक निळी रेघ दिसते. तो सातपुडा. आपण त्याला रोज पाहतो. पण त्याच्यावर उभं राहून आपलं वऱ्हाड पाहिलेले लोक थोडेच. ते पाहायला पैसा फार लागत नाही. एक दिवस काढावा लागतो आणि थोडी तयारी करावी लागते. सोबत कोणी मिळालं तर उत्तमच. एकट्यानं जायचं असलं, तर मात्र पुढच्या गोष्टी नीट वाचा.

कुठं जायचं?

गाविलगड हा किल्ला अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ आहे. परतवाड्याहून घाटानं एस. टी. वर जाते. अंतर सुमारे ३० किलोमीटर. चिखलदरा समुद्राच्या पातळीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. परतवाडा पावणेचारशे मीटरच्या आसपास. म्हणजे गाडी आपल्याला सातशे मीटर वर नेऊन सोडते. हजार मीटर वर गेलं, की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणून खाली घाम येत असला, तरी वर अंगावर कांबळं घ्यावंसं वाटतं.

चिखलदऱ्याहून किल्ला सुमारे दोन किलोमीटर. तिथवर पायी जायचं. किल्ला मोठा आहे. तट, दरवाजे, तळी, पडलेल्या तोफा पाहत फिरायला सारा दिवस पुरतो.

बहमनी सुलतान अहमदशाहानं १४२५ च्या सुमारास हा किल्ला पक्का बांधला. पुढं तो वऱ्हाडच्या इमादशाहीकडं आला. १८०३ साली तो नागपूरच्या भोसल्यांकडं होता. त्या वर्षी इंग्रजांनी त्याला वेढा दिला. दक्षिणेकडं उभे कडे, तिकडून चढणं अवघड. म्हणून त्यांनी डोंगरातून फिरून जड तोफा उत्तरेकडं ओढत नेल्या. तिकडं पठार आहे. तिथून तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. पठाराची बाजू सोपी आणि कड्याची बाजू कठीण, हे आपणही ध्यानात ठेवावं.

निघण्याआधी

एक चिठ्ठी लिहा. कुठं जातो, कोणत्या वाटेनं, किती वाजता परत येणार, एवढं लिहून घरी द्या. बोललेलं विसरतं, लिहिलेलं राहतं. ठरल्या वेळी तुम्ही आला नाहीत, तर कुठं शोधायचं हे घरच्यांना कळेल.

तीन लिटर पाणी घ्या. गडावर तळी आहेत, पण ते पाणी तसंच पिऊ नये. भाकर, ठेचा, थोडा गूळ बांधून घ्या. पायात घट्ट जोडा हवा. हातात काठी आणि पिशवीत बॅटरी असू द्या. मोबाईल असला तरी डोंगरात त्याच्यावर भिस्त ठेवू नका. पावसाळ्यात धुकं येतं, दगड निसरडे होतात. तेव्हा कड्याकडं एकट्यानं जाऊच नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले. पावसानं धूळ बसलेली असते आणि नजर लांब जाते.

हा सारा मेळघाटचा मुलूख. १९७४ साली इथं व्याघ्र प्रकल्प झाला. वनखात्याच्या चौकीवर विचारा, फलक वाचा आणि सांगतील तेवढ्याच वाटेनं जा. इथं वाघ-बिबट आहे, अस्वलही आहे. अस्वलाला दिसतं कमी आणि ऐकूही बेतानंच येतं. माणूस एकदम समोर आला, की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून झाडीतून जाताना मोठ्यानं बोलत, काठी आपटत जावं. तुमची चाहूल लागली, की ते बहुधा आपणच बाजूला होतं.

वरून काय दिसतं?

दक्षिणेच्या तटाजवळ या. कड्याच्या टोकावर जाऊ नका, चार पावलं मागंच उभे राहा. खाली वऱ्हाड पसरलेलं दिसेल.

पृथ्वी गोल आहे. म्हणून सपाट रानात उभ्या माणसाची नजर जेमतेम पाच किलोमीटर जाते. सातशे मीटर वरून हवा अगदी स्वच्छ असली, तर नव्वद किलोमीटरच्या आसपासची जमीन नजरेत येऊ शकते. एरवी धूळ आणि धुकं आड येतं.

आता जमीन वाचा. पायथ्याला हिरवा पट्टा आहे. त्या संत्र्याच्या बागा. डोंगरावरून वाहत आलेले गोटे आणि रेती तिथं साचली आहे. पावसाचं पाणी त्यात मुरतं, म्हणून तिथल्या विहिरींना गोडं पाणी. त्याच्या पलीकडं काळी जमीन, पऱ्हाटीची आणि तुरीची. आणखी पुढं पूर्णा नदी. तिच्या दोन्ही बाजूंना खारपाण पट्टा, तिथं विहिरीचं पाणी खारट. एकाच पावसाचं कुठं गोडं पाणी होतं, कुठं खारं, हे इथं उभं राहून समजतं.

डोंगराच्या या अंगाचं पाणी चंद्रभागा, सापन अशा नद्यांतून पूर्णेला जातं. मागच्या अंगाचं पाणी सिपना नदीतून तापीला जातं. पुढं जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. डोंगरावर वेगळं झालेलं पाणी तिथं एक होतं. डोंगरावर झाडं राहिली, तर पाणी मुरतं. झाडं गेली, तर पाणी माती घेऊन पळून जातं आणि पायथ्याच्या विहिरी आटतात. पायथ्याला विहिरी आणि बोअर वाढले, तसं पाणी आधीच खोल गेलं आहे. म्हणून त्या निळ्या रेघेचं भलंबुरं आपल्या वावरापर्यंत पोहोचतं.

कधी वळायचं?

हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. झाडीत त्याआधीच अंधार होतो. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते सकाळी उतरल्याबरोबर विचारून लिहून घ्या. मग हिशोब करा. दुपारी दोन वाजले, की जिथं असाल तिथून वळा. एखादा बुरूज पाहायचा राहिला तर राहू द्या. उतरताना पाय थकलेले असतात आणि माणूस घाई करतो. बहुतेक पाय तिथंच मुरगळतात. सावकाश उतरा.

घरी आलात, की ती चिठ्ठी परत घ्या. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काय काय पाहिलं ते लिहून काढा, आणि रात्री घरच्यांना वाचून दाखवा.