बिंदुसरेच्या काठचे बीड

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातील घनदाट अरण्यात, इक्विटोस नावाचे शहर आहे. देशाच्या इतर भागांतून या शहराकडे जाणारा रस्ता नाही. तेथे जावयाचे तर नावेतून किंवा विमानातून जावे लागते. नदी हाच तेथील हमरस्ता होय. शहराच्या बेलेन नावाच्या वस्तीतील काही घरे तराफ्यांवर बांधलेली आहेत. नदी फुगली म्हणजे ती पाण्याबरोबर वर उचलली जातात आणि पाणी ओसरले म्हणजे खाली येतात. पाऊस तेथे बाराही महिने कमी-अधिक पडतच असतो.

नदीकाठचे गाव म्हटले की असेच काहीसे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सर्वच नद्या अ‍ॅमेझॉनसारख्या भाग्यवान नसतात. मराठवाड्यातील बीड हे गावही नदीकाठीच वसले आहे. त्याची नदी बिंदुसरा. बालाघाटच्या डोंगरांत ती उगम पावते, बीड गावाच्या मधून वाहते आणि पुढे सिंदफणा नदीला मिळते. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे गोदावरीला मिळते. अशा रीतीने बीडच्या पुलाखालचे पाणी शेवटी पूर्व समुद्रास जाऊन पोचते. मात्र उन्हाळ्यात कोणी प्रवासी बीडला आला आणि पुलावर उभा राहिला, तर त्याला खाली पाण्यापेक्षा दगडगोटेच अधिक दिसतील. "हीच का ती नदी?" असा प्रश्न त्याने विचारला तर नवल नाही.

नदीची अशी स्थिती का झाली, हे समजण्यासाठी वाऱ्याची वाट पाहिली पाहिजे. जून महिन्यात अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे महाराष्ट्रात शिरतात. सह्याद्रीची उंच भिंत त्यांना आडवी येते. वारे वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी तेथेच टाकून देतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीवर आंबोलीसारख्या ठिकाणी दाट सदाहरित अरण्ये वाढली आहेत, ती या पावसामुळेच. घाट ओलांडून वारे पूर्वेस येतात, तेव्हा त्यांच्या झोळीत थोडेच पाणी उरलेले असते. म्हणून बीडच्या वाट्याला वर्षाकाठी साधारणपणे 650 ते 700 मिलिमीटर पाऊस येतो. तोही बहुतेक सारा चार महिन्यांतच पडून जातो. आणि एखाद्या वर्षी तेवढाही पडत नाही. 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, त्याची झळ या भागाला फार तीव्रतेने लागली.

अशा या भूमीवर पूर्वीच्या माणसांनी गाव वसविले, ते पाण्याचा विचार करूनच. बालाघाटच्या पायथ्याशी, बिळासारख्या खोलगट जागी हे गाव आहे म्हणून त्याला प्रथम 'बीळ' म्हणत आणि त्याचेच पुढे 'बीड' झाले, अशी एक समजूत आहे. नावाची कथा कशीही असो. खोलगट जागेचा लाभ मात्र खरा आहे. डोंगरावर पडलेले पाणी उताराने अशा जागेकडे येते आणि जमिनीत मुरते. ते वर दिसत नाही, पण खाली असते.

गावात शिरलेल्या पाहुण्याने प्रथम पाहावे ते कंकालेश्वराचे मंदिर. काळ्या पाषाणाचे हे प्राचीन मंदिर एका चौकोनी कुंडाच्या मधोमध उभे आहे. भिंतींवर कोरलेल्या मूर्ती पाहता पाहता दृष्टी सभोवारच्या पाण्याकडे वळते. ज्या मुलखात पाणी दुर्मिळ, तेथे देवाच्या घराभोवती पाणी साठविण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांना पाण्याची योग्यता पुरती कळली होती, यात शंका नाही.

परंतु बीडचे खरे नवल गावाबाहेर आहे. दक्षिणेस सुमारे 6 किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यानजीक, खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. राजा भास्कर नावाच्या स्थापत्यज्ञाने तिची रचना केली, असे सांगतात. नावाविषयी एक दंतकथा आहे. राजाने जहागीरदाराकडे खजिन्याची मागणी केली. तेव्हा जहागीरदार म्हणाला, "सरकार, खजिना या विहिरीत ठेवला आहे." जमलेला पैसा त्याने विहीर बांधण्यात खर्च केला होता! कथा खरी असो वा नसो, पाण्याला खजिना म्हणणारे लोक शहाणे होते, एवढे तीवरून दिसते.

या विहिरीची रचना मोठी चतुर आहे. तिला जमिनीखालून तीन नहरा जोडलेल्या आहेत. दोन नहरांतून पाणी विहिरीत येते आणि तिसरीतून ते उत्तरेकडील शेतांकडे वाहत जाते. हे पाणी मोटेने ओढावे लागत नाही की त्यासाठी यंत्र लागत नाही. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी नहरेत झिरपते. नहरेला अगदी मंद उतार दिलेला असतो. त्या उतारावरून पाणी आपल्याच वजनाने पुढे सरकते. वाहण्याची वाट जमिनीखाली असल्यामुळे ऊन त्याला शोषून घेऊ शकत नाही. उघड्या कालव्यातील किती तरी पाणी वाफ होऊन उडून जाते. नहरेत तसे होत नाही. अशा नहरांना काही काही अंतरावर उभी तोंडे ठेवलेली असतात. त्यांतून हवा आत जाते आणि गाळ काढण्यासाठी माणसालाही खाली उतरता येते. ही विद्या इराणात फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे मलिक अंबरानेही पुढे अशाच नहरांनी पाणी आणले.

मात्र नहर पाणी निर्माण करीत नाही; मुरलेले पाणी ती फक्त वाहून आणते. डोंगरावरची झाडे तुटली, तर पाणी मुरण्यापूर्वीच धावत निघून जाते. आसपास खोल खोल विंधनविहिरी घेतल्या, तर भूजल नहरेच्याही खाली जाते. मग नहर कितीही चांगली बांधलेली असली तरी ती कोरडी पडणार. खजिन्यात कोणी भर घालीत नसेल आणि सारेच काढीत असतील, तर तो किती दिवस पुरावा?

पाण्याच्या टंचाईची किंमत या जिल्ह्यातील मुलांना चांगली ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्याबरोबर कित्येक मुलेही जातात आणि त्यांची शाळा मध्येच सुटते. कोरडवाहू शेतीवर वर्षभर पोट भरत नाही, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

आणि तरीही या कोरड्या नदीला कोणी दुर्बल समजू नये. 1989 च्या जुलै महिन्यात बालाघाटात मुसळधार पाऊस झाला आणि बिंदुसरेला महापूर आला. पाणी काठावरच्या वस्त्यांत शिरले. घरे वाहून गेली, अनेक माणसांना प्राण गमवावे लागले. नदी आठ महिने निजलेली दिसते, म्हणून तिचे पात्र मोकळीच जागा आहे असे माणसाला वाटू लागते. तेथे तो घरे बांधतो, केरकचरा टाकतो. नदी मात्र आपली वाट विसरत नाही. इक्विटोसच्या लोकांना नदी रोज डोळ्यांसमोर दिसते, म्हणून ते घर बांधतानाच पुराचा विचार करतात. बीडच्या लोकांना, नदी दिसत नसतानाही, तो विचार करावा लागतो. हे काम अधिक कठीण आहे.

बीडला जाणाऱ्याने म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात: कुंडातले मंदिर, जमिनीखालून पाणी आणणारी विहीर आणि पुलाखालचे नदीचे पात्र. पहिल्या दोन गोष्टींत पूर्वजांचे शहाणपण दिसते. तिसरी गोष्ट आजच्या माणसांच्या हाती आहे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की बालाघाटावरून गढूळ पाण्याचा लोंढा खाली येतो आणि कालपर्यंत रिकामे असलेले पात्र भरून वाहू लागते. त्या वेळी पात्र मोकळे असले आणि डोंगरावर पाणी अडवणारी झाडे असली, तर तेच पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सोबत करते.