प्रथमोपचाराचा स्वयंसेवक प्रशिक्षक

खेड्यात अपघात घडला म्हणजे पुष्कळदा पहिली हाक गुरुजींनाच येते. म्हणून आपणांपैकी काही शिक्षक बंधु-भगिनींनी प्रथमोपचाराचे स्वयंसेवक प्रशिक्षक व्हावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ज्यास उपचार करता येतो त्यास तो शिकविताही येतो, असे नाही. प्रस्तुत लेखकास हे आपल्या पहिल्याच वर्गानंतर उमगले. रक्तस्राव थांबविण्याचे नियम मुलांनी घडाघडा म्हणून दाखविले होते. पुढे गवत कापताना त्यांतील एकाचा हात विळ्याने कापला, तेव्हा नियम सर्वांना पाठ होते. पण जखमेवर स्वच्छ फडके दाबून धरावयास एकही हात पुढे आला नाही. दोष मुलांचा नव्हता. आम्ही जिभेस शिकविले होते, हातांस नव्हे.

प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने सेंट जॉन अँब्युलन्स किंवा इंडियन रेडक्रॉस सोसायटी यांच्या जवळच्या शाखेकडे चौकशी करून प्रथम स्वतः शिकावे, परीक्षा द्यावी आणि मग शिकविण्याचे वेगळे शिक्षण घ्यावे. डॉक्टर नसणे ही अडचण नाही. सेंट जॉनची संस्था १८७७ साली इंग्लंडात निघाली, तीच मुळी सामान्य माणसांस हे ज्ञान द्यावे म्हणून. प्रमाणपत्रास मात्र मुदत असते व ते पुन्हा घ्यावे लागते. काहींना हा जाच वाटतो. तो का आवश्यक आहे, हे सर्पदंशाच्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी काय ऐकले? दंशाच्या वर दोरी करकचून आवळावी, जागा पात्याने चिरावी, विष चोखून थुंकावे. आज या तिन्ही गोष्टी त्याज्य ठरल्या आहेत. घोणस व फुरसे यांचे विष दंशाच्या जागीच मांस नासविते आणि रक्ताची गोठण्याची शक्तीही घालविते. अशा वेळी दोरीने रक्त अडविल्यास अवयव गमावण्याचा धोका वाढतो, आणि चिरलेली जखम वाहतच राहते. मण्यार तर बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावते. वेदना नाही, खूणही दिसेल असे नाही. "काही झाले नाही" म्हणून घरचे स्वस्थ राहतात आणि पहाटे श्वास अडखळू लागतो. यास्तव रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हाडमोडीप्रमाणे कामट्यांच्या आधाराने अवयव स्थिर करावा आणि त्यास त्वरेने रुग्णालयात न्यावे. साप मारून आणण्यात वेळ दवडू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. जो शिक्षक वीस वर्षांपूर्वीचा पाठ आजही देतो, तो अज्ञानी मनुष्यापेक्षा अधिक घातक होय. कारण त्याच्या शब्दास गावात वजन असते!

शिकविताना साहित्य थोडकेच लागते. मीटरभर चौरस मांजरपाटाचा कर्णावर छेद घेतला की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. एस्मार्क नामक जर्मन शस्त्रवैद्याने एकोणिसाव्या शतकात अशा पट्टीवरच ती बांधण्याची चित्रे छापविली होती. शिकविण्याची ही हातोटी आपणही घ्यावी. बोलणे पाच मिनिटे, बांधणे अर्धा तास. एकास रुग्ण करावे, दुसऱ्याने १०८ क्रमांकावर कळविण्याचा सराव करावा, तिसऱ्याने कामट्या शोधून आणाव्यात. चुकलेली गाठ स्वतः सोडवून देऊ नये. बांधणाऱ्यालाच सोडवू द्यावी. बुडणाऱ्यासाठी पोहून जाण्यापेक्षा दोर वा बांबू टाकावा, भाजल्यावर शाई अगर टूथपेस्ट न फासता वीस मिनिटे गार पाणी ओतावे, हे पाठही करूनच दाखवावेत.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याची क्रिया, मिनिटास १०० ते १२० वेळा, प्रौढात सुमारे पाच सेंटिमीटर खोल, जिवंत मुलावर कधीही करून दाखवू नये. संस्थेकडून प्रशिक्षणाचा पुतळा मागवावा. तो नसेल तर घट्ट वळकटीवर निदान लय तरी बसवून घ्यावी.

वर्ग भरविण्यापूर्वी आणखी एक काम. प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, रात्री तेथे डॉक्टर असतात काय, आणि पावसाळ्यात ओढा भरला असता कोणत्या वाटेने जावे लागते, हे स्वतः जाऊन विचारून यावे व फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.